एका सूक्ष्म बुरशीची ओळख

बेडूक हा माणसाच्या फार जुन्या परिचयाचा प्राणी आहे. मृगाच्या सरी कोसळल्या की ओढ्याकाठी व तळ्याकाठी त्याचा आवाज घुमू लागतो आणि पाऊस लागल्याची खूण शेतकऱ्याला पटते. शेतातील किडे खाऊन तो माणसाला मदत करतो. साप, बगळे यांसारख्या अनेक जीवांचे पोषण त्याच्यावर होते. बेडूक ज्या उभयचर वर्गात मोडतो, तो वर्ग पृथ्वीवर तीस कोटी वर्षांहून अधिक काळ नांदत आहे. महाकाय डायनोसॉर आले आणि लोपले. उभयचर मात्र टिकून राहिले. अशा या चिवट कुळातील प्राणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांतून एकाएकी नाहीसे होऊ लागले.

प्रारंभी या गोष्टीचे गांभीर्य कोणाच्या ध्यानात आले नाही. ज्याच्या त्याच्या ओढ्यातील बेडूक कमी झाले, तर त्याला वाटे की हा प्रकार आपल्याच परिसरापुरता असेल. १९८९ साली इंग्लंडमधील कँटरबरी येथे उभयचर व सरपटणारे प्राणी यांच्या अभ्यासकांची पहिली जागतिक परिषद भरली. देशोदेशीचे अभ्यासक तेथे एकमेकांशी बोलू लागले, तेव्हा अनेकांच्या तोंडी एकच कहाणी असल्याचे आढळून आले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात एक विलक्षण बेडूक राहत असे. त्याची मादी आपली अंडी गिळून पोटात वाढवी आणि पूर्ण वाढ झालेली पिल्ले तोंडावाटे बाहेर सोडी. १९७३ साली शास्त्रीय नाव मिळालेला हा बेडूक १९८१ नंतर रानात पुन्हा दिसला नाही. पुढे मध्य अमेरिकेतील पनामा देशाच्या डोंगराळ अरण्यात कॅरन लिप्स या अमेरिकन संशोधिकेला ओढ्यांच्या काठी मेलेले व मरणाच्या दारी टेकलेले बेडूक सापडले. ते वर्ष १९९६ होते.

या मृत्यूंचे कारण शोधणे सोपे नव्हते. एखादे रान तोडले, ओढ्यात विषारी सांडपाणी सोडले किंवा दुष्काळ पडला, तर प्राणी मरतात हे समजण्यासारखे आहे. परंतु येथे अरण्य शाबूत होते, पाणी निर्मळ होते आणि तरीही बेडूक मरत होते. आजारी बेडूक सुस्त होऊन उघड्यावर बसे, त्याच्या कातडीचे पापुद्रे सुटत आणि थोड्याच दिवसांत तो मरे. मेलेल्या बेडकाच्या कातडीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला असता वरच्या थरातील पेशींमध्ये बारीक वाटोळे गोळे दिसत. हे गोळे कशाचे आहेत? ते प्राणी आहेत, शैवाल आहे, बुरशी आहे की आणखी काही? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून रोग कसा पसरतो, तो कोठून आला आणि त्यावर औषध कोणते, यांपैकी एकाही प्रश्नाला हात घालता येत नव्हता. अनोळखी शत्रूशी लढताना प्रथम त्याची ओळख पटवावी लागते.

याच सुमारास अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातही काही बेडूक मरण पावले. त्यांत दक्षिण अमेरिकेतील निळ्या रंगाचे सुंदर विषारी बेडूक होते. डोनाल्ड निकोल्स व ॲलन पेसियर या रोगनिदानतज्ज्ञांना त्यांच्या कातडीत तसलेच गोळे दिसले. हे जीव कायट्रिड नावाच्या बुरशींच्या गटातील असावेत, असा संशय येताच त्यांनी मेन विद्यापीठातील जॉइस लाँगकोर यांच्याशी संपर्क साधला. कायट्रिड बुरशींचा अभ्यास करणारे लोक जगात फारच थोडे होते आणि लाँगकोर त्यांपैकी एक होत्या.

कायट्रिड या नावाचे मूळ ग्रीक भाषेतील आहे. त्याचा अर्थ लहान भांडे, म्हणजे आपल्याकडील बोळके असा होतो. पावावर किंवा ओल्या चामड्यावर वाढणारी बुरशी तंतूंची बनलेली असते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. कायट्रिड बुरशीचे रूप निराळे असते. तळी, ओढे व ओलसर माती यांत राहणाऱ्या या बुरशीचे शरीर म्हणजे एक सूक्ष्म बोळकेच होय. या बोळक्यात बीजाणू तयार होतात. प्रत्येक बीजाणूला मागच्या बाजूस शेपटीसारखी एक कशाभिका असते. ती हलवीत तो पाण्यात पोहतो, योग्य जागा सापडताच स्थिर होतो, शेपटी टाकून देतो आणि वाढून स्वतःच बोळके बनतो. शैवाल, परागकण, कुजलेली पाने आणि कीटकांची कात यांवर वाढणाऱ्या कित्येक कायट्रिड बुरशी शास्त्रज्ञांना ठाऊक होत्या. परंतु पाठीचा कणा असलेल्या प्राण्याच्या देहात वाढून त्याला ठार मारणारी कायट्रिड तोवर कोणीच पाहिली नव्हती. त्यामुळे संशय खरा ठरवण्यास भक्कम पुराव्याची आवश्यकता होती.

लाँगकोर यांनी मेलेल्या निळ्या बेडकाच्या कातडीचे बारीक तुकडे घेऊन ते काचेच्या बशीत, पोषक द्रव्यांनी युक्त अशा थरावर ठेवले. कातडीवर जीवाणूंची गर्दी असल्यामुळे हवी ती बुरशी तेवढी वेगळी काढणे मोठ्या चिकाटीचे काम होते. अखेर ती शुद्ध स्वरूपात वाढू लागली आणि तिचे जीवन टप्प्याटप्प्याने पाहता आले. बीजाणू स्थिर झाल्यापासून नवे बीजाणू बाहेर पडेपर्यंतचा तिचा जीवनक्रम सुमारे चार ते पाच दिवसांत पुरा होतो. बीजाणूंचा व्यास अवघा तीन ते पाच सहस्रांश मिलिमीटर असतो. म्हणजे एका मिलिमीटरच्या अंतरात असे दोनशे ते तीनशे बीजाणू एका ओळीत मावतील. त्यानंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने बीजाणूच्या अंतर्भागाचे निरीक्षण करण्यात आले. याचे कारण असे की, कायट्रिड बुरशीची बोळकी बाहेरून बहुधा सारखीच दिसतात आणि अन्न बदलले म्हणजे त्यांचा आकारही बदलतो. बीजाणूच्या आत कशाभिकेचे मूळ कसे आहे, त्याच्याभोवती कोणते भाग कोणत्या क्रमाने मांडलेले आहेत, ही रचना मात्र सहसा बदलत नाही. म्हणून कायट्रिडच्या परीक्षेत बाह्य आकारापेक्षा ही आतली ठेवण अधिक विश्वसनीय मानतात.

जीवांची रूपे व अवयव पाहून त्यांचे गट पाडण्याची ही पद्धत फार जुनी आहे. अठराव्या शतकात स्वीडनमधील लिनियस या निसर्गशास्त्रज्ञाने तिला शिस्त लावली. प्रत्येक जीवाला दोन शब्दांचे नाव द्यावे, पहिला शब्द प्रजातीचा व दुसरा जातीचा असावा, असा त्याने रूढ केलेला प्रघात आजही पाळला जातो. अनेक जाती मिळून प्रजाती, अनेक प्रजाती मिळून कुल, अनेक कुले मिळून गण अशी ही चढती रचना आहे.

तथापि केवळ रूपावर विसंबून राहिल्यास फसगत होण्याचा संभव असतो. वटवाघूळ पंखांनी उडते, म्हणून कोणी त्याला पक्षी म्हटले तर ती चूक होईल. ते पिल्लांना दूध पाजणारे सस्तन प्राणी आहे. पाण्यातील जीवांतही असाच एक प्रसिद्ध दाखला आहे. पाण्यात मरून पडलेल्या माशीवर किंवा आजारी माशाच्या अंगावर कधी कधी कापसासारखे पांढरे तंतू उगवलेले दिसतात. सॅप्रोलेग्निया नावाचा हा जीव दिसण्यात अगदी बुरशीसारखा असल्यामुळे त्याची गणना दीर्घकाळ बुरशींतच होत असे. परंतु खऱ्या बुरशीच्या पेशींच्या भिंती कायटिन नावाच्या द्रव्याच्या असतात, तर याच्या भिंती मुख्यतः वनस्पतींप्रमाणे सेल्युलोजच्या असतात. याच्या पोहणाऱ्या बीजाणूंना एकाऐवजी दोन कशाभिका असतात. पुढे जनुकांची तुलना केली तेव्हा तो समुद्रातील तपकिरी शैवालांचा दूरचा आप्त असल्याचे सिद्ध झाले. बुरशीवरील पुष्कळशी औषधे त्याला लागू पडत नाहीत, त्याचे कारण हेच होय. बेडकाच्या मारेकऱ्याविषयी अशी चूक होऊ नये म्हणून रूपाच्या साक्षीला आणखी एका साक्षीची जोड देणे आवश्यक होते. ती साक्ष जनुकांची.

प्रत्येक जीवाच्या पेशीत डी. एन. ए. नावाचा एक अतिसूक्ष्म लांब धागा असतो. त्यात त्या जीवाच्या घडणीची माहिती चार रासायनिक घटकांच्या क्रमाने साठवलेली असते. जणू चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली ती एक पोथीच. पिढ्यान्‌पिढ्या या पोथीच्या नकला होत जातात. पूर्वी छापखाने नव्हते, तेव्हा ग्रंथांच्या प्रती हातांनी उतरवून घेत. नकल करणाऱ्याच्या हातून एखादे अक्षर बदले, एखादा शब्द गळे. त्या प्रतीवरून पुढची प्रत करणारा ती चूक जशीच्या तशी उतरवी आणि स्वतःची एखादी नवी भर घाली. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्यापूर्वी तिच्या पोथ्यांत असे नाना पाठभेद शिरलेले होते. अशा पोथ्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. ज्या दोन पोथ्यांत त्याच त्या चुका त्याच त्या जागी आढळतात, त्या एकाच जुन्या प्रतीवरून उतरलेल्या असल्या पाहिजेत. ज्यांच्यात असे साम्य थोडे, त्यांचे नाते दूरचे.

जीवांच्या नात्याचा शोध याच न्यायाने घेतात. सर्व सजीवांच्या पेशींत प्रथिने तयार करणारी रायबोसोम नावाची सूक्ष्म यंत्रणा असते. तिची घडण ठरवणारी जनुके बुरशीत, बेडकात आणि माणसातही सापडतात. शिवाय ती फार सावकाश बदलतात. म्हणून दूरदूरच्या जीवांची तुलना करण्यास ती सोयीची पडतात. बेडकाच्या कातडीतील त्या जीवाच्या जनुकाची अक्षरे क्रमाने वाचून ती इतर जीवांच्या अक्षरांशी ताडून पाहण्यात आली. साम्य जुळले ते कायट्रिड बुरशींशी. डोळ्यांनी दिलेली साक्ष आणि जनुकांनी दिलेली साक्ष एकच निघाली.

१९९८ साली ऑस्ट्रेलिया, अमेरिका व इंग्लंड येथील शास्त्रज्ञांनी मिळून असे जाहीर केले की, ऑस्ट्रेलिया व मध्य अमेरिका या इतक्या दूरच्या प्रदेशांत बेडकांना मारणारा रोग एकच असून तो कायट्रिड बुरशीमुळे होतो. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, लाँगकोर, पेसियर व निकोल्स यांनी त्या बुरशीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तोवर ज्ञात असलेल्या कोणत्याही प्रजातीत ती बसत नसल्यामुळे तिच्यासाठी नवी प्रजाती निर्माण करावी लागली. तिचे नाव बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबेटिडिस असे ठेवण्यात आले. ग्रीक भाषेत बॅट्राकोस म्हणजे बेडूक. म्हणून नावाच्या पहिल्या शब्दाचा अर्थ ‘बेडकावरील बोळके’ असा होतो. दुसरा शब्द ज्या निळ्या बेडकापासून ती प्रथम शुद्ध स्वरूपात मिळाली, त्याच्या डेंड्रोबेटिस या प्रजातीच्या नावावरून घेतला आहे.

कोणी म्हणेल की, नाव सापडले म्हणून मेलेला बेडूक थोडाच जिवंत होणार? ते खरे आहे. पण ओळख पटल्यामुळे पुढील कित्येक वाटा मोकळ्या झाल्या. शत्रू बुरशी आहे हे निश्चित होताच माणसाच्या बुरशीरोगांवरील इट्राकोनाझोल हे औषध वापरून पाहण्यात आले. ते मिसळलेल्या पाण्यात आजारी बेडकांना काही दिवस रोज थोडी मिनिटे बुडवून ठेवले असता पाळलेले बेडूक बरे होऊ लागले. शत्रू कायट्रिड आहे म्हणजे त्याचे बीजाणू पाण्यातून पोहत जातात, हेही कळले. तेव्हा एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्याकडे जाताना बूट, जाळी व उपकरणे निर्जंतुक करण्याची शिस्त अभ्यासकांनी स्वतःला लावून घेतली. ही बुरशी केराटिन नावाचे द्रव्य असलेल्या भागांत वाढते. बेडकाच्या पिल्लांत हे द्रव्य केवळ तोंडाच्या भागात असते, म्हणून ती सहसा वाचतात. पिल्लाचा बेडूक झाला की सर्व कातडीत ते तयार होते आणि त्याच्यावर मरण ओढवते. ओढ्यात पिल्ले पोहताना दिसत, परंतु काठावर मोठा बेडूक एकही आढळत नसे, या कोड्याचा उलगडा अशा रीतीने झाला. बेडूक कातडीतून श्वास घेतो, पाणी घेतो आणि शरीरातील क्षारांचे प्रमाणही कातडीच्याच द्वारे राखतो. कातडी बिघडल्यामुळे रक्तातील क्षार घटतात आणि त्याचे हृदय बंद पडते, असे २००९ साली प्रयोगांनी दाखवून देण्यात आले.

वर्गीकरणाचे काम एकदा केले म्हणजे संपले, असे होत नाही. नवा पुरावा मिळाला की जुनी मांडणी पुन्हा तपासावी लागते. या बुरशीला प्रथम कायट्रिडिएलीझ या गणात जागा मिळाली होती. पुढे बीजाणूंची अंतर्गत रचना आणि जनुकांची अक्षरे या दोहोंचा एकत्र विचार करून २००६ साली ऱ्हायझोफिडिएलीझ हा नवा गण मांडण्यात आला आणि तिला त्यात स्थान देण्यात आले.

दोन्ही परीक्षांची गरज का असते, याचा प्रत्यय लवकरच नेदरलँड्समध्ये आला. त्या देशाच्या दक्षिण टोकास असलेल्या एका लहानशा वनात काळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेले सॅलॅमँडर राहत. सॅलॅमँडर हा बेडकाप्रमाणेच उभयचर, परंतु पालीसारखा लांब शेपटीचा प्राणी आहे. २०१० ते २०१३ या अवघ्या तीन वर्षांत त्यांतील शंभरापैकी सुमारे शहाण्णव नाहीसे झाले. संशय साहजिकच त्या बेडूकमाऱ्या बुरशीवर गेला. परंतु तिचे जनुक ओळखणारी चाचणी पुन्हा पुन्हा केली तरी उत्तर नकारार्थी येई. इकडे सूक्ष्मदर्शकाखाली मात्र कातडीत कायट्रिडची बोळकी स्पष्ट दिसत होती. डोळे ‘आहे’ म्हणत होते आणि चाचणी ‘नाही’ म्हणत होती. अखेर ती बुरशी वेगळी काढून तिची जनुके वाचण्यात आली, तेव्हा दोन्ही साक्षी खऱ्या असल्याचे कळून आले. ही बुरशी त्याच प्रजातीतील, पण निराळ्या जातीची होती. २०१३ साली तिला ‘सॅलॅमँडर गिळणारी’ अशा अर्थाचे नाव मिळाले. ती अधिक थंड हवेत वाढते आणि तिच्या बीजाणूंना अंकुरासारख्या नळ्या फुटतात, हेही दिसून आले. केवळ चाचणीवर विश्वास ठेवला असता, तर ‘बुरशी नाही’ म्हणून प्रकरण बंद झाले असते. केवळ डोळ्यांवर विश्वास ठेवला असता, तर दोन शत्रू एकच समजले गेले असते. ती आशियातून, पाळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या प्राण्यांबरोबर युरोपात गेली असावी असे पुढे आढळले आणि २०१६ साली अमेरिकेने सॅलॅमँडरांच्या २०१ जातींच्या आयातीवर निर्बंध घातले.

पहिल्या बुरशीचे मूळही जनुकांच्या मदतीनेच शोधण्यात आले. जगाच्या निरनिराळ्या भागांतून तिचे नमुने जमवून त्यांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना करण्यात आली. सर्वांत जुने व विविध पाठभेद पूर्व आशियातील, विशेषतः कोरियातील नमुन्यांत सापडले. पोथीची मूळ प्रत जिथे असते तिथे असे होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार ही बुरशी विसाव्या शतकात, माणसाच्या व्यापाराबरोबर जगभर पसरली असावी. तिच्यामुळे निदान ५०१ जातींच्या उभयचरांची संख्या घटली आणि त्यांपैकी ९० जाती बहुधा कायमच्या नष्ट झाल्या, असा अंदाज २०१९ साली मांडण्यात आला.

आपल्या सह्याद्रीचाही या कथेशी संबंध आहे. २०१३ साली पुणे येथील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीच्या उत्तर भागातील बेडकांमध्ये ही बुरशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. तेथील नमुन्यांची जनुके तपासली असता ती आशियातील वाणाची निघाली. सह्याद्रीतील बेडकांच्या अनेक जाती जगात अन्यत्र कोठेही नाहीत. म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवणे अगत्याचे आहे. सुदैवाने त्यासाठी बेडकाला मारावे लागत नाही. त्याच्या अंगावरून कापसाचा बोळा हळुवार फिरवला म्हणजे चाचणीपुरता नमुना मिळतो आणि बेडूक पुन्हा ओढ्यात सोडून देता येतो.

आजवर बुरशीच्या सुमारे दीड लाख जातींना नावे मिळाली आहेत. २०१७ सालच्या एका अंदाजाप्रमाणे पृथ्वीवरील त्यांची एकूण संख्या २२ ते ३८ लाख असावी. त्यांतील कितीतरी ओढ्यातल्या पानावर, तळ्यातल्या गाळात व झऱ्याच्या फेसात निनावी जगत आहेत. बहुतेक निरुपद्रवी आहेत, कित्येक तर कुजलेला पाला फोडून पाण्यातील जीवांना अन्न पुरवतात. एखादी मात्र घातक निघते. ती घातक ठरण्यापूर्वी तिला ओळखणारा कोणीतरी असावा लागतो. ज्या कायट्रिड बुरशींकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाई, त्यांचा अभ्यास काही थोड्या लोकांनी वर्षानुवर्षे निष्ठेने केला होता. म्हणूनच बेडकांवर संकट आले तेव्हा त्यांच्या वैऱ्याचे नाव सांगू शकणारे माणूस जगात होते.